आरसी रणगाड्याला धूर बसवताना

आरसी, म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या मॉडेल रणगाड्यात धूर बसवायचा ठरवलं की नव्या माणसाचा पहिला प्रश्न हीटरचा असतो. किती वॅटचा घ्यायचा? जास्त तापवला तर जास्त धूर निघेल का? माझा सल्ला असा, की आधी हवेचा विचार करा.

सायलेन्सरमधून दिसतो तो धूर काही जळून झालेला नसतो. द्रव तापतो, त्याची वाफ होते, ती थंड हवेत आली की तिचे अतिशय बारीक थेंब बनतात आणि आपल्याला पांढरा लोट दिसतो. त्यासाठी तीन गोष्टी लागतात: वाफ होण्यापुरती उष्णता, कॉइलपर्यंत, म्हणजे वातीवर गुंडाळलेल्या तापणाऱ्या तारेपर्यंत, सतत पोचणारा द्रव, आणि तयार झालेली वाफ उचलून बाहेर नेणारी हवा. उष्णता मिळवणं सर्वांत सोपं, म्हणून सगळे तिच्याच मागे लागतात. मग कॉइल लाल होते, वात करपते, खोलीभर जळका वास सुटतो आणि सायलेन्सरमधून मात्र जेमतेम एक रेघ येते. धूर कमी वाटला तर पहिल्यांदा पंखा आणि नळी तपासा, मग वात. हीटरला हात सर्वांत शेवटी लावा. खाली जे काही सांगतोय ते सगळं याच क्रमाभोवती फिरतं.

रणगाड्यात युनिट आधीच असेल तर

हेंग लाँग या कंपनीच्या १:१६ मापाच्या बऱ्याच रणगाड्यांत धुराचं युनिट कारखान्यातूनच बसवलेलं येतं. छोटी डबी, आत वातीवर गुंडाळलेली तार आणि हवा ढकलणारी बारकी मोटार, एवढाच त्याचा संसार. अशा युनिटला नवशिक्यांकडून होणारा सर्वांत मोठा त्रास म्हणजे जास्त तेल. सायलेन्सरच्या नळीतून ड्रॉपरने मोजके थेंब टाकायचे आणि वात ओली झाली की थांबायचं. डबी भरून गेली तर तार तेलात बुडते, तापायला वेळ लागतो, आणि शेवटी धुराऐवजी गरम तेलाचे शिंतोडे उडतात. असं झालंच तर रणगाडा उलटा करून तेल टिपकागदावर निथळू द्या.

स्विच चालू केल्यावर तापायला अर्धा-एक मिनिट द्या. सोबत आलेलं तेल खनिज तेलाच्या जातीचं असतं. त्यात ग्लिसरीन किंवा पाणी मिसळू नका, ते एकजीव होत नाही. आणि टरेटच्या, म्हणजे तोफेच्या फिरत्या बुरुजाच्या, कडेने धूर येत असेल तर युनिट चांगलं आहे, नळीचा सांधा मात्र गळतोय. तो सांधा नीट बसवला तरी अनेकदा धूर दुप्पट झाल्यासारखा वाटतो. एवढ्यावर समाधान होत असेल तर पुढचा खटाटोप करायची गरज नाही.

लहान मुलांसाठी थंड वाफ

घरातलं आठ-नऊ वर्षांचं मूल रणगाडा चालवणार असेल तर गरम कॉइल बसवूच नका. ५ व्होल्टवर चालणारी अल्ट्रासॉनिक चकती मिळते, बहुतेक १०८ किंवा ११३ किलोहर्ट्झची. तिच्या बारीक जाळीतून पाण्याचं धुकं निघतं. काहीही तापत नाही. मात्र हे धुकं जड असतं, खाली पडतं आणि कोरड्या हवेत लगेच विरतं. पाणी डिस्टिल्डच घाला. बोअरच्या पाण्यातले क्षार जाळीची भोकं बुजवतात. सर्किट बोर्ड चकतीच्या खाली येणार नाही एवढं बघा.

सामान कुठे मिळेल

स्वतः युनिट करायचं असेल तर पुण्यात सामानासाठी फार वणवण करावी लागत नाही. मॉसफेट (सिग्नलवर चालणारा इलेक्ट्रॉनिक स्विच), डायोड, फ्यूज, अर्डुइनो नॅनो (प्रोग्रॅम घालता येणारा छोटा बोर्ड), बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारा बोर्ड) आणि छोटा ब्लोअर हे बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मिळायला हवं. पितळी नळी, पत्रा, स्क्रू, क्लॅम्प यांसाठी रविवार पेठेतली बोहरी आळी बघा. तांब्याची डबी हवी असेल तर कसबा पेठेतल्या तांबट आळीत विचारायला हरकत नाही, पण माप कागदावर काढून न्या. फायबरग्लासची स्लीव्ह मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे असते. नायक्रोमची तार हीटर आणि इस्त्रीचे सुटे भाग विकणाऱ्यांकडे मागा. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात हातअवजारं स्वस्त मिळतात, पण बॅटरी तिथून घेऊ नका. लिथियम बॅटरीचं पूर्वायुष्य माहीत नसेल तर ती गरम कॉइलच्या शेजारी ठेवण्यासारखी वस्तू नाही.

परदेशी व्हिडिओंमध्ये ई-सिगारेटची कॉइल आणि टाकी सरळ रणगाड्यात बसवलेली दिसते. आपल्याकडे २०१९च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री आणि साठवण यांवर बंदी आहे. त्या वाटेला जाऊ नका. कॉइल घरी करणं अवघड नाही.

पायरी १ : वात आणि कॉइल

सगळ्या युनिटचा जीव इथे आहे, म्हणून इथे घाई नको.

वात ३ मिमी जाडीच्या फायबरग्लास किंवा सिलिका दोरीची घ्या. सुती वात निरांजनात चालते, कारण तिथे ती जळलेली आपल्याला चालते. इथे ती करपली की तिच्यातून द्रव चढणं बंद होतं आणि कॉइल कोरडी पडते. कोणी ॲस्बेस्टॉसची दोरी पुढे केली तर ती स्वस्त असली तरी घेऊ नका, तिचे तंतू फुप्फुसांना घातक असतात. फायबरग्लास कापतानाही तोंडाला मास्क लावा आणि तुकडे ओल्या कापडाने पुसून घ्या.

तार ३६ गेजची, म्हणजे सुमारे ०.१९ मिमी जाडीची नायक्रोम. तिचा रोध दर मीटरला साधारण ३७ ओहम असतो. आपल्याला ८ ओहम हवेत, म्हणजे २२ सेंटिमीटरच्या आसपास. ७.४ व्होल्टच्या दोन सेलच्या बॅटरीवर त्यातून सुमारे ०.९ अँपिअर वाहतो आणि जवळपास ७ वॅट उष्णता मिळते. बॅटरी पूर्ण चार्ज असताना, ८.४ व्होल्टला, हाच आकडा ९ वॅटच्या जवळ जातो. एवढं पुरेसं आहे. यापेक्षा बारीक तार घेतली तर तेवढाच रोध कमी लांबीत मिळतो खरा, पण तेवढीच उष्णता कमी पृष्ठभागावर पडते आणि वात करपण्याचा धोका वाढतो. म्हणून जरा लांब आणि जाड तार बरी.

वातीवर तार विसेक वेढ्यांत गुंडाळा. वेढे एकमेकांना टेकू देऊ नका आणि आवळूही नका. आवळलेल्या वातीतून द्रव चढत नाही, आणि इथे बऱ्याच जणांचं युनिट फसतं. दोन्ही टोकांना तार उलटी दुमडून तिला पीळ द्या, म्हणजे टोकं कमी तापतील. नायक्रोमला साधं सोल्डर धरत नाही, आणि धरलं तरी उष्णतेने सुटेल. कनेक्टर पट्टीतला पितळी स्क्रूचा तुकडा किंवा छोटी क्रिम्प वापरून तांब्याच्या तारेला जोडा आणि वर फायबरग्लास स्लीव्ह चढवा. आता मल्टिमीटर लावा. ७ ते ९ ओहम दिसले तर पुढे जा. ५च्या खाली असेल तर कुठेतरी वेढे टेकलेत.

पायरी २ : डबी

डबी धातूचीच हवी. थ्रीडी प्रिंटची पीएलए प्लॅस्टिकची डबी साधारण ६० अंशांनाच मऊ पडते, आणि एबीएससुद्धा कॉइलच्या इतक्या जवळ टिकणार नाही. ३० मिमी व्यासाची आणि ४० मिमी उंचीची पितळी डबी सोयीची पडते. तिच्यात २ मिली द्रव घातला की तळाशी जेमतेम ३ मिमी थर होतो. कॉइल तळापासून १५ मिमी वर आडवी बसवा आणि वातीची दोन्ही टोकं तळाला टेकू द्या. रणगाडा चढावर तिरका झाला तरी द्रव कॉइलपर्यंत येता कामा नये, म्हणून ही उंची.

हवा आत येण्याचं भोक कॉइलच्या किंचित वर, साधारण २० मिमीवर घ्या. समोर पत्र्याची छोटी आडभिंत लावा, म्हणजे हवा सरळ कॉइलवर न आदळता फिरून जाईल. वारा थेट कॉइलवर आला तर ती थंड पडते आणि पंखा जोरात चालवूनही धूर कमी होतो. बाहेर जाण्याचं भोक झाकणात, ८ मिमीचं. तारा जिथून आत जातात तिथे स्लीव्ह हवीच, नाहीतर धातूच्या डबीला टेकून शॉर्ट होईल. डबी हलच्या (रणगाड्याच्या खालच्या सांगाड्याच्या) प्लॅस्टिकला थेट चिकटवू नका. खाली सिलिकॉनची चकती आणि सगळीकडून ५ मिमी मोकळी जागा ठेवा.

पायरी ३ : पंखा आणि नळी

थ्रीडी प्रिंटरमध्ये वापरतात तो ३० मिमीचा ५ व्होल्टचा ब्लोअर चांगला. चपटा साधा पंखा हवा हलवतो, पण नळीतून ढकलायला लागणारा दाब त्याच्यात नसतो. पंखा नेहमी ताज्या हवेच्या बाजूला बसवायचा, म्हणजे तो हवा डबीत ढकलेल. डबीतून ओढणारा पंखा लावला तर वाफ त्याच्याच पात्यांवर जमते आणि थोड्याच दिवसांत बेअरिंग चिकट होतं.

नळी ८ मिमी आतल्या व्यासाची, सिलिकॉनची. मत्स्यटाकीची बारीक नळी अरुंद पडते. नळी डबीपासून सायलेन्सरपर्यंत सतत चढती हवी. मध्ये कुठे खड्डा राहिला तर तिथे द्रव साचतो आणि धूर गुरगुरत, तुटक तुटक येतो. दोन सायलेन्सर असतील तर टी जोडापासून दोन्ही फाटे सारख्याच लांबीचे ठेवा, नाहीतर सगळा धूर जवळच्या बाजूने निघून जाईल. मॉडेलचा सायलेन्सर आतून भरीव असेल तर तो ड्रिलने पोकळ करावा लागतो. ते काम हाताच्या ड्रिलने, सावकाश.

पायरी ४ : वायरिंग

बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून २ अँपिअरचा फ्यूज, मग हाताचा स्विच, मग कॉइल, मग मॉसफेट आणि शेवटी निगेटिव्ह. मॉसफेट आयआरएलझेड ४४ एन मागा. दुकानात बरेचदा आयआरएफझेड ४४ एन हातात देतात, दिसायला दोन्ही सारखेच. पण अर्डुइनोच्या ५ व्होल्टवर आयआरएफझेड पूर्ण उघडत नाही आणि तापतो. गेटच्या (मॉसफेटचा सिग्नल घेणारा पाय) आधी २२० ओहमचा रेझिस्टर, आणि गेटपासून निगेटिव्हला १० किलोओहमचा लावा. हा दुसरा रेझिस्टर विसरू नका. अर्डुइनो सुरू होईपर्यंत गेट अधांतरी राहिला तर हीटर आपोआप चालू होऊ शकतो.

ब्लोअरला बक कन्व्हर्टरमधून ५ व्होल्ट द्या आणि त्याच्यासाठी दुसरा मॉसफेट ठेवा. बक कन्व्हर्टरचा व्होल्टेज जोडण्याआधी मल्टिमीटर लावून सेट करा. कॉइलची वीज रणगाड्याच्या मुख्य बोर्डावरून घेऊ नका. मूळ धुराचा सॉकेट मूळ हीटरपुरताच असतो.

अर्डुइनोत काय लिहायचं ते शब्दांत सांगतो. रिसीव्हरच्या थ्रॉटल (वेगाच्या) चॅनलचा पल्स १००० ते २००० मायक्रोसेकंद असतो, मध्य १५००. मध्यापासून जितका दूर, तितका पंखा जोरात. मध्यावर पंखा ४० टक्के ठेवा, कारण त्याखाली दोन तारांचे ब्रशलेस पंखे अडखळतात. हीटर मध्यावर ६० टक्के आणि पूर्ण थ्रॉटलला १००. सिग्नल अर्धा सेकंद आला नाही तर हीटर बंद, आणि सलग दहा मिनिटं चालला तरीही बंद. शेवटच्या दोन ओळी लिहिल्याशिवाय कॉइलला वीज देऊ नका.

हेंग लाँगच्या एकत्र बोर्डांत वेगळा रिसीव्हर नसतो, त्यामुळे थ्रॉटलचा पल्स मिळत नाही. अशा वेळी एका ट्रॅक मोटारीच्या दोन टोकांवर चार शॉट्की डायोडचा ब्रिज लावा आणि त्यावर साधी ब्रशवाली छोटी पंखा-मोटार चालवा. रणगाडा पुढे जावो वा मागे, पंख्याला वीज एकाच दिशेने मिळते आणि वेगाबरोबर धूर वाढतो. उभ्या रणगाड्यातून मात्र बारीक रेघच येईल. इथे हीटर बंद करणारा अर्डुइनो नसतो, म्हणून हाताचा स्विच सहज पोचेल अशा जागी ठेवा आणि घड्याळावर लक्ष ठेवा.

पायरी ५ : द्रव

६ भाग प्रॉपिलीन ग्लायकॉल, ३ भाग ग्लिसरीन, १ भाग डिस्टिल्ड पाणी. ग्लायकॉल पातळ असल्याने वातीतून भराभर चढतं. ग्लिसरीन लोटाला दाटपणा देतं. प्रमाण उलटं केलं तर द्रव जाड होऊन वात उपाशी राहते. दोन्ही आयपी प्रतीचं, म्हणजे औषधांसाठी चालणारंच घ्या. औद्योगिक मालात इथिलीन किंवा डायइथिलीन ग्लायकॉल असू शकतं आणि ते विषारी आहे. गाडीचं कूलंट त्याच कारणाने वर्ज्य. रॉकेल, डिझेल, अत्तर, उदबत्तीचं तेल यांतलं काहीही घालू नका. बेबी ऑइल पुष्कळ जण वापरतात, पण ते खनिज तेल आहे, पेट घेतं आणि त्याचे थेंब फुप्फुसात जाणं चांगलं नाही. गणपतीत देखाव्यांसाठी लाइट-साउंडवाले धुराच्या मशीनचं पाण्याचं द्रव ठेवतात. ते चालतं, पण त्यात पाणी जास्त असल्याने छोट्या कॉइलवर लोट फिका पडतो.

भरायला २ मिलीची सिरिंज वापरा. २ मिलीवर साधारण दहा-बारा मिनिटं निघतात.

पायरी ६ : हलमध्ये बसवण्याआधी चाचणी

युनिट टेबलावर नाही, स्टीलच्या ताटात ठेवा. शेजारी वाळूचा डबा किंवा ओलं जाड फडकं आणि हाताशी बॅटरीचा कनेक्टर. द्रव घाला आणि वात पूर्ण भिजायला पाच मिनिटं द्या. मग आधी पंखा, नंतर हीटर. बंद करताना उलट: आधी हीटर, नंतर अर्धा मिनिट पंखा.

अर्ध्या मिनिटात पांढरा लोट यायला हवा. तिखट, डोळ्यांना झोंबणारा वास आला तर लगेच थांबवा. ग्लिसरीन जास्त तापलं की ॲक्रोलीन तयार होतं, त्याचा तो वास असतो, आणि त्याचा अर्थ कॉइल कोरडी पडते आहे. वेढे सैल करा किंवा पाणी किंचित वाढवा. धूर दाट पण मंद असेल तर पंखा वाढवा, आणि वेगवान पण विरळ असेल तर कमी करा. यात एक संध्याकाळ खुशाल घालवा, कारण हलमध्ये बसवल्यावर हेच बदल दहापट कटकटीचे होतात.

इंजिनाला शोभेल असा धूर

टी-५५ आणि टी-७२ डिझेलवर चालतात आणि त्यांचा सायलेन्सर डाव्या फेंडरवर आहे. थंड इंजिन सुरू होताना पांढरा लोट, मग थ्रॉटल दिला की जोरदार फवारा. त्यांच्यासाठी सुरुवातीला दोन सेकंद पंखा पूर्ण वेगाने फिरवा. सेंच्युरियनचं रोल्स-रॉइस मीटिऑर आणि टायगरचं मायबाख ही पेट्रोल इंजिनं. त्यांना सतत दाट ढग शोभत नाही. सुरू होताना थोडा, नंतर अगदी हलका.

पुण्यात सेंच्युरियनचं आकर्षण असणं साहजिक आहे. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल सेंच्युरियनमध्ये लढताना धारातीर्थी पडले, ते पूना हॉर्स या रेजिमेंटचे, आणि त्यांचा जन्म पुण्यातला. असा रणगाडा करत असाल तर नगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियमला एकदा जाऊन या. सेंच्युरियन आणि विजयंता तिथे जवळून बघता येतात. सायलेन्सर हलवर कसे बसवलेत आणि तोंड कोणत्या दिशेला आहे हे फोटोपेक्षा तिथे नीट कळतं.

कुठे चालवायचा

सोसायटीची गच्ची किंवा मोकळं पार्किंग उत्तम, पण बंदिस्त पार्किंगमध्ये स्मोक डिटेक्टर असेल तर वॉचमनला आधी सांगा. तळजाई किंवा वेताळ टेकडीवर होळीनंतर गवत वाळलेलं असतं. तिथे गरम कॉइलचा रणगाडा उन्हाळ्यात अजिबात नेऊ नका, वणव्याला एक ठिणगी पुरते. पावसाळ्यात उघडीप असताना आणि थंडीतल्या सकाळी हवा स्थिर व दमट असते, तेव्हा तेवढ्याच द्रवात धूर जास्त वेळ रेंगाळतो. दम्याचा त्रास असलेलं कोणी जवळ असेल तर हीटर बंदच ठेवा.

हीटर सतत चालला तर तासाला जवळपास १००० एमएएच एकटाच खातो, त्यामुळे १८०० एमएएचची बॅटरी नेहमीपेक्षा बरीच लवकर उतरेल. लिथियम बॅटरीला कमी व्होल्टेजचा बझर लावा.

खेळून झालं की उरलेला द्रव सिरिंजने काढून टाका, पंखा मिनिटभर चालवून नळी कोरडी करा आणि बॅटरी सोडवून बाहेर ठेवा. वातीचा मधला भाग तपकिरी झाला की ती बदला. बदलताना कॉइलवरचा काळा थर हलकेच खरवडून काढा आणि पुन्हा ओहम मोजा.